आधी फोटो, मग फोकस

गावात फोटो स्टुडिओ चार होते, पण ‘ग्रुपवाले’ म्हटले की एकच माणूस डोळ्यांसमोर येई. पासपोर्टचा फोटो काय, कोणीही काढावा. पण साठ माणसे चार ओळींत उभी करून प्रत्येकाचे नाक-डोळे जागच्या जागी आणायचे, तर ग्रुपवाल्यांनाच बोलवायचे, असा एकतीस वर्षांचा शिरस्ता होता.

त्यांची कामाची रीत ठरलेली होती. माणसे उंचीप्रमाणे लावायची, चष्मेवाल्यांना हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगायचे आणि फोकस स्वतःच्या हाताने दुसऱ्या ओळीवर धरायचा. “पहिल्या ओळीवर धरला तर मागचे रुसतात आणि मागच्यांवर धरला तर साहेब रुसतात,” असे ते म्हणत. कॅमेऱ्याच्या आपोआप फोकसवर त्यांनी आयुष्यात एकदाच विसंबून पाहिले होते. तेव्हा कॅमेऱ्याने अख्खा खेळाडूंचा संघ सोडून पुढे टेबलावर ठेवलेला चषक तेवढा लख्ख टिपला. त्या दिवसापासून ते बटण त्यांनी चिकटपट्टी लावून बंद केले, ते कायमचे.

रुग्णालयाच्या नर्सिंग शाळेच्या व्हरांड्यात त्यांचे एकतीस ग्रुप फोटो एका रांगेत टांगलेले होते. यंदा मेट्रनबाईंनी त्यांना बोलावले आणि थेट एकतिसाव्या फ्रेमसमोर नेऊन उभे केले. पुढच्या दोन ओळी बऱ्या होत्या. तिसरी आणि चौथी मात्र वाफेच्या पलीकडून पाहावी तशी दिसत होती.

“ही कोण, सांगा बघू,” बाई एका चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणाल्या. “मी तीन वर्षं शिकवलेली मुलगी आहे, आणि मला ओळखू येत नाही.”

बाई करड्या होत्या, पण वाकड्यात शिरणाऱ्या नव्हत्या. त्यांनी अट स्वच्छ सांगितली. आधी शाळेतल्या आठ शिक्षिकांचा एक फोटो नमुना म्हणून काढून आणायचा. तो महिनाअखेरीच्या आत हाती यायला हवा. तो ठीक असला तर मोठा ग्रुप ग्रुपवाल्यांचा, नाहीतर चौकातल्या नव्या स्टुडिओचा. ग्रुपवाले मान डोलावून निघाले, पण बत्तिसाव्या फ्रेमखाली दुसऱ्याच स्टुडिओचे नाव, हे चित्र त्यांच्या मनातून काही केल्या जाईना.

घरी त्यांनी कागद खराब निघाला असे सांगितले. कागद बदलला. मग दिवे बदलले. भिंग तर इतक्या वेळा पुसले की बायको म्हणाली, आता झिजून आरपार भोक पडेल. त्यांनी एक गोष्ट मात्र कोणाला सांगितली नव्हती. वर्षभर संध्याकाळी दिव्यांभोवती त्यांना कडी दिसत होती आणि वर्तमानपत्र खिडकीपाशी नेल्याशिवाय वाचता येत नव्हते. चष्म्याचा नंबर वाढला असेल, सवडीने बघू, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

अशात त्यांचा कॅमेऱ्याच्या दुकानाचा मालक असलेला जुना मित्र एक नवलाचे यंत्र घेऊन आला. दिसायला विजेरीसारखा चौकोनी डबा, मागे हातरुमालाच्या घडीएवढा पडदा. त्याचे म्हणणे असे, की या कॅमेऱ्यात फोकस धरायचाच नाही. तो येणाऱ्या प्रकाशाची दिशासुद्धा टिपून ठेवतो. फोटो काढून मोकळे व्हायचे आणि मग घरी बसून पडद्यावर बोट लावायचे. जिथे बोट, तिथे फोकस.

“म्हणजे वरात निघून गेल्यावर नवरा निवडायचा?” ग्रुपवाल्यांनी विचारले.

“तुला काय, नाव ठेवायला काहीतरी हवंच,” मित्र म्हणाला. “पंधरा दिवस वापर, आणि मग बोल.”

ग्रुपवाल्यांनी वरवर कपाळाला आठ्या घातल्या, पण आतून त्यांना देवच पावल्यासारखे झाले. फोकस धरायचा नाही, म्हणजे चुकायचाही नाही. त्यांनी एक वही काढली, पानाच्या मधोमध रेघ ओढली, एका बाजूला ‘गुण’ लिहिले, दुसऱ्या बाजूला ‘दोष’, आणि मुलगी द्यायच्या घराची चौकशी करावी तशी कॅमेऱ्याची चौकशी सुरू केली.

पहिले दोन दिवस गुणांची बाजू भराभर भरली. स्वयंपाकघराच्या दारातून त्यांनी बायकोचा फोटो काढला. चेहऱ्यावर बोट ठेवले की बायको स्पष्ट. तिच्या मागच्या फडताळावर ठेवले की बरण्या स्पष्ट आणि बायको धूसर. बायकोला हा खेळ फार आवडला. तिने त्यांचाच एक फोटो काढला, पडद्यावर इकडे तिकडे बोट फिरवले आणि गंभीरपणे सांगितले की, अहो, तुमच्यामागे पडलेली ओल्या टॉवेलची गुंडाळी तुमच्यापेक्षा सुरेख आली आहे. शेजारचे मांजर, खिडकीतली कुंडी, टेबलावरची कात्री, सगळ्यांचे फोटो निघाले. घरात एवढे हसणे बरेच दिवसांत झाले नव्हते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी कसोटी घेतली. मागच्या अंगणात खुर्च्या, स्टुले, फळ्या आणि डबे रचून चार ओळी केल्या आणि प्रत्येक बैठकीवर वर्तमानपत्रातला एकेक चेहरा चिकटवला. बायकोने पहिल्या ओळीत कोणाला बसवले आहे ते पाहिले आणि सांगितले की या माणसाला घरात घ्यायची सोय नाही, त्याला मागे पाठवा. मग सात पावलांवरून फोटो निघाला.

इथे डब्याचे पितळ उघडे पडले. जवळच्या वस्तूंमध्ये जी जादू होती, ती सात पावलांवर उरलीच नाही. पहिल्या ओळीवर बोट ठेवा की चौथ्या, फोटो होता तसाच राहायचा. शिवाय मोठी प्रत काढली तर चेहरे राईएवढे आणि त्या राईलाही कडा नाहीत. वहीत दोषांच्या बाजूला त्यांनी लिहिले: लांबचे जमत नाही. मोठी प्रत निघत नाही. खाली थोडी जागा सोडून पुन्हा लिहिले: ग्रुपसाठी निरुपयोगी.

तरी आशा सुटेना. नमुना फक्त आठ जणींचा होता. दोन-दोन जणींना जवळ बसवून चार फोटो काढायचे आणि एका चौकटीत लावायचे, अशी युक्ती त्यांनी काढली. सराव म्हणून बायकोला दोन हातांच्या अंतरावर बसवून फोटो काढला, स्टुडिओत जाऊन पडद्यावर नीट तिच्या डोळ्यांवर फोकस लावला, प्रत काढली आणि तिच्या हातात दिली.

बायकोने प्रत उजेडात धरली. “छान आहे. कानातलं अगदी झळकतंय.”

“आणि डोळे?”

“डोळे नाहीत स्पष्ट. कान आहे.”

त्यांनी प्रत हिसकावून घेतली, जवळ नेली, लांब नेली. डोळे स्पष्टच आहेत, असे ठणकावले. मग पुन्हा पडद्यापाशी बसून दुसरी प्रत काढली. त्यात केसांतली पिन सुंदर आली होती. तिसऱ्या प्रतीत खांदा. बायको आधी हसत होती; तिसरी प्रत पाहिल्यावर तिचे हसणे थांबले. तिने खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसली.

“अहो, फोकस नंतर ठरवायचा, हे खरं. पण ठरवायचा कोणी? दिसतंय का तुम्हाला?”

ग्रुपवाल्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. मग त्यांनी दिव्यांभोवतीची कडी सांगितली, वर्तमानपत्र सांगितले आणि गेल्या वर्षी चौथी ओळ आपल्याला धुकट दिसत असतानाच बटण दाबले होते, तेही सांगितले. बायको रागावली, पण लपवल्याबद्दल. “दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा,” एवढेच बोलून ती कपडे बदलायला गेली, कारण जायचे तर आजच.

नमुन्याऐवजी ते दोघे मेट्रनबाईंपुढे जाऊन उभे राहिले. ग्रुपवाल्यांनी सांगून टाकले की नमुना आणलेला नाही, आणि का आणलेला नाही. बाईंनी त्यांना खिडकीकडे तोंड करून उभे केले, डोळ्यांत पाहिले आणि म्हणाल्या, “मोतीबिंदू. एवढ्यासाठी तुम्ही माझ्या मुलींना धुक्यात उभं केलंत?” मग त्यांनी नेत्रविभागात निरोप धाडला आणि ग्रुपची तारीख पाच आठवड्यांनी पुढे ढकलली. नमुन्याची अट मात्र सोडली नाही. दिसू लागल्यावर आणा, म्हणाल्या.

डोळ्याचे काम झाले. पट्टी निघाल्यावर त्यांनी पहिल्याने बायकोकडे पाहिले आणि तुझे केस इतके कधी पिकले, असे विचारले. त्यावर तिने, पट्टी परत बांधता येते का, याची डॉक्टरांकडे चौकशी केली.

कॅमेरा मित्राकडे परत गेला, सोबत वहीचे पानही. मित्राने ते वाचले आणि एवढे दोष तर तुझ्या लग्नाच्या वेळीही निघाले नव्हते, असे म्हणाला. पण पानावर शेवटी एक गुण नव्याने लिहिलेला होता: हाताच्या अंतरावर मांडलेल्या वस्तू दाखवायला उत्तम. ती ओळ ग्रुपवाल्यांनी मेट्रनबाईंच्या कानावर घातली, आणि तेवढ्यावर बाईंनी तो डबा शाळेसाठी मागवला. आता वर्गात उपकरणांच्या ताटाचा फोटो लावतात आणि जिने चिमट्याचे नाव सांगितले, तिने चिमट्यावर बोट ठेवायचे.

आठ जणींचा नमुना जुन्याच कॅमेऱ्यावर निघाला आणि पसंत पडला. मोठ्या ग्रुपच्या दिवशी बासष्ट मुली चार ओळींत उभ्या राहिल्या. ग्रुपवाल्यांनी फोकस हाताने दुसऱ्या ओळीवर धरला आणि मग सवयीने नव्हे, तर नुसत्या हौसेने नजर मागे नेली. तिसऱ्या ओळीतल्या टोप्यांच्या चुण्या मोजता येत होत्या. चौथ्या ओळीत एकीचा गाल किंचित फुगलेला होता.

“मागच्या ओळीतली डावीकडून तिसरी,” ग्रुपवाले म्हणाले, “तोंडातलं आधी गिळून घ्या बाई. मी थांबतो.”

सगळ्या ओळी हसल्या, पुढे बसलेल्या मेट्रनबाईसुद्धा, आणि ग्रुपवाल्यांनी बटण दाबले.