कानामागचा गुलाल
परवा निकालाची मिरवणूक गल्लीतून गेली आणि गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांना गुलालाचा वास लागला. त्या वासासरशी नव्वदच्या सुमाराची पनवेलमधली एक संध्याकाळ आठवली. मी तेव्हा एका वकिलांकडे टायपिस्ट होतो आणि ते त्याच दिवशी आमदार झाले होते. त्यांची उघडी जीप कोर्टासमोर आली, तेव्हा रोडपालीची एक म्हातारी गर्दीतून थेट पुढे येऊन उभी राहिली. पुतण्या तिचं घर पाडायला टपला होता आणि कोर्टाच्या मनाई हुकमाची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. "वकीलबाबा, तू मुंबयला चाललास, उद्या माजे बाजूनं कोन बोलनार?" एक कार्यकर्ता हसला, "आजी, ते आमदार झालेत, साहेब म्हण!" "आमदार तुमचा. माजा वकील हाय," म्हातारीने त्याला गप्प केलं. वकील जीपमधून वाकून म्हणाले, "उद्या अकराला कोर्टात ये." दुसऱ्या दिवशीचा सत्कार पुढे ढकलून ते काळा कोट घालून उभे राहिले. कानामागचा गुलाल काही निघाला नव्हता. न्यायाधीश म्हणाले, "अभिनंदन, वकीलसाहेब. बोला आता." मनाईची मुदत वाढली. बाहेर व्हरांड्यात म्हातारीने पदराने त्यांचे कान खसाखसा पुसले आणि ती म्हणाली, "आता जा मुंबयला." परवाची मिरवणूक चौकापलीकडे जाईपर्यंत मी गॅलरीतच उभा होतो, तिच्यातली जीप कोणी अडवतंय का, तेवढंच बघत होतो.