तापीअक्का आणि सीलबंद इंजिन

तापीअक्कांच्या दारात कोणीही उभं राहो, गावचा पाटील असो की पाचोऱ्याचा व्यापारी, त्यांचा पहिला प्रश्न एकच असे. "काय लई उनात?" काय घेऊन आलात, तीळ की शेंगदाणे? अक्का तेल गाळून देत. हात हलवत आलेल्या माणसाशी काय बोलायचं असतं, हे त्यांना खरोखरच कळत नसे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या काखेतल्या पिशवीत लाख, तार आणि सरकारी शिक्का होता. "मी अबकारी खात्यातून आलोय," असं मी जरा छाती काढून म्हणालो. अक्कांनी मला पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "म्हंजे काहीच नही लई उना."

स्वातंत्र्याला तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती. मी धुळ्याचा, नोकरीत कोवळा, पाचोऱ्याला नेमणूक. त्या सालच्या अर्थसंकल्पात इंजिनावर काढलेल्या तेलावर कर बसला. बैलाच्या घाण्याला सूट होती. दिल्लीत कोणीतरी ते भाषणात वाचून दाखवलं असेल आणि बाकं वाजली असतील. इकडे भडगावच्या रस्त्यावर, गिरणेकाठच्या त्या खेड्यात अक्कांनी म्हातारा बैल मेल्यावर, आदल्याच वर्षी, हातातल्या पाटल्या मोडून एक जुनं इंजिन आणलं होतं. विधवा बाई, पन्नाशी उलटलेली, मागेपुढे कोणी नाही. ते इंजिनच तिचा संसार होता म्हणा ना.

मी वही उघडली आणि विचारलं, "महिन्याला तेल किती होतं तुमचं?"

"मनं? मनं एक थेंब बी नही."

मला वाटलं, बाई बेरकी आहे. समोर इंजिन धडधडतंय, घाण्यातून धार लागलीय, आणि म्हणे माझं एक थेंबही नाही! खरी गोष्ट अशी होती की, त्या भागात शेतकरी स्वतःचं बी घेऊन येई, स्वतःचा डबा आणी, आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत घाण्याशेजारी पोत्यावर बसून राही. तेल तो घरी नेई. मागे उरलेली ढेप तेवढी अक्कांची मजुरी. ती गुरांना घालायला विकून त्यांची चूल पेटे. "बी त्यास्नं, तेल त्यास्नं, मनी ढेप," अक्का बोटांवर मोजत म्हणाल्या. "मंग कर कसाना? तुनी माय घरमा भाकर करस, तिले बी कर लावशी का?"

आईचं नाव काढल्यावर माझं डोकं फिरलं. खात्याच्या छापील तक्त्यात 'ढेप' असा रकानाच नव्हता, आणि रकाना नाही ती गोष्ट जगात नाही, अशी माझी तेव्हा ठाम समजूत होती. मी इंजिनाचं चाक तारेनं बांधलं, त्यावर लाख ओतली, शिक्का मारला. परवाना काढा, कर भरा, मगच चालवा, असं बजावलं. अक्कांनी अडवलं नाही. एवढंच म्हणाल्या, "इंजन बांधं तू. मना पाय शेतस ना अजून." पाय आहेत म्हणे अजून!

महिन्याभरानं पाहणीला गेलो आणि दारातच थबकलो. अंगणात धूळ खात पडलेला जुना लाकडी घाणा सुरू होता. अक्कांकडे बैल नव्हता, म्हणून शेतकरी बियाबरोबर आपापला बैल आणू लागले होते. पण शेतातला बैल तो! नांगराच्या तासात सरळ चालण्याची त्याला सवय, गोल फिरायचं म्हटलं की दोन पावलांवर अडे आणि फुरफुरे. म्हणून अक्का स्वतः त्याच्यापुढे कासरा धरून चालत होत्या. घाण्याभोवती, सकाळपासून. "चाल रे राजा, आज नांगर नही, घानी शे," असं त्याला चुचकारत. टाचांना चिंध्या बांधलेल्या, चिंध्यांवर रक्ताचे डाग. मला बघून त्या थांबल्यासुद्धा नाहीत.

पोत्यावर लोटन नाना बसले होते, कपाशीवाले, गावातले जुने शेतकरी. ते मला नाही, अक्कांनाच समजावत होते, की कर भरून टाक, आम्ही सगळे वाटून देऊ. "अक्का, भरी टाक एकदाव. आम्हीन बठ्ठा वाटीसन देतस."

"नही नाना. आज भरं, ते दरसाल भरनं पडी. घरना तेलवर कर देवानी चाल मना दारमा नही पडाव."

मी तिथून निघालो खरा, पण त्या रात्री खानावळीत भाजीवर तेलाचा तवंग दिसला आणि मी ताट बाजूला सारलं. लाज वाटली, सरळ सांगतो. चूक माझी होती. मी विचारायला हवं होतं, तेल कोणाचं? मी विचारलं होतं, तेल किती?

सकाळी उठून मी सगळी हकीकत लिहून जळगावला वरच्या साहेबांकडे पाठवली. साहेबांनी अक्कांनाच बोलावणं धाडलं. त्या आल्या, पाचोऱ्यापर्यंत बैलगाडीनं आणि पुढे आगगाडीनं, एकट्या. साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याला प्रकरण मिटवायचं होतं. म्हणाला, "बाई, थोडी रक्कम भरा, या कागदावर अंगठा करा, आजच्या आज सील काढायला लावतो."

"कागदवर काय लिखेल शे?"

"हेच, की तेल तुमचं होतं."

अक्कांनी अंगठा मुठीत दाबून धरला. "जे मनं नही, त्यानावर मी अंगठा देवाव नही. तुम्हले खरं दखनं व्हई ते या, पोतावर बसा, शेवटना थेंब पडस तवलोंग."

साहेब काही पोत्यावर बसायला आला नाही. पण मजुरीवर गाळून दिलेलं घरच्या वापराचं तेल करात धरायचं की नाही, असा प्रश्न त्यानं वर पाठवला. उत्तराला चार महिने लागले. ते चार महिने ती बाई बैलापुढे चालली. भुईमूग संपला, तीळ संपला, तरी चालली. एकाही शेतकऱ्यानं बी दुसरीकडे नेलं नाही.

खुलासा आला: असं तेल करातून वगळावं. मी सायकल हाणत गेलो, पेढे घेऊन! अक्कांनी पेढ्यांकडे पाहिलंही नाही.

"सील तू लावं, तूच काढ," त्या म्हणाल्या. मी लाख फोडली, तार तोडली, चाक मोकळं केलं. तरी त्या इंजिनाला हात लावीनात.

"आता काय राहिलं, अक्का?"

"चूक कोनी व्हती, ते लिखी दे."

मी म्हणालो, "अहो, असा फॉर्म नसतो सरकारात."

"मंग इंजन असंच ऱ्हाऊ दे. मी चालसू."

आणि कासरा घ्यायला वळल्या की हो! त्या चिंध्या बांधलेल्या टाचा मला बघवेनात. मी वहीतलं पान फाडलं आणि लिहिलं: 'सदर इंजिन चुकीने सीलबंद केले होते. चूक खात्याची होती. तापीबाईंचा काही दोष नव्हता.' खाली सही केली, हुद्दा लिहिला, आणि तोच शिक्का मारला. अक्कांनी शाळेतल्या मास्तरांना बोलावून आणलं. "मास्तर, जोरमा वाचा. बठ्ठा गावले आयकू जाऊ दे." मास्तरांनी दोनदा वाचलं. मग कुठे इंजिन धडधडलं.

आठवड्यात त्या कागदाची खबर जळगावला पोचली आणि मला मेमो आला: सरकारची चूक कबूल करण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? मी रात्रभर उत्तराचे मसुदे केले आणि फाडले. सकाळी एकच ओळ लिहिली: 'सील लावण्याचा ज्यांनी दिला, त्यांनीच.' वर्षभर माझी वेतनवाढ अडली. अडली तर अडली. माफी मात्र मी साहेबाची मागितली नाही. जिची मागायची होती, तिची मागून झाली होती.