मंगलबाईंचं शनिवारचं पान

“बाई गेल्या. आता पुढचं पान कोण टोचणार गं?”

दाराशी चप्पल काढताना आरतीची ही कुजबुज कानावर आली आणि मी तिथंच थांबले. कोल्हापुरातल्या अंध मुलींच्या वसतिगृहात, मंगलबाई गेल्यानंतर, मी पहिल्यांदाच आले होते.

बाईंना जन्मापासून दिसत नव्हतं. शनिवारी दुपारी मी एकट्या बाईंना छापील पुस्तकातली गोष्ट वाचून दाखवायची, बाई ऐकत ऐकत जाड कागदावर ब्रेलचे ठिपके टोचायच्या आणि मुली ते पान बोटांनी वाचायच्या. पान नेमकं ऐन रंगात थांबायचं. “बाई, सांगा की पुढचं!” असा गिल्ला व्हायचा. “ऐकायचं असंल तर मोबाईल हाय की. मला वाचणाऱ्या पोरी पायजेत,” बाई ठणकावायच्या. नुसतं ऐकून शब्द कळतो, पण लिहिता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला तो हट्ट वाटायचा…

मी इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यात कमी बोलणारी. मुलींसमोर बाईंच्या आडच असायचे. एकदा त्यांनी टोचा माझ्या हातात दिला. ब्रेल उजवीकडून डावीकडे उलटं टोचायचं, म्हणजे कागद पालटल्यावर सुलटं वाचता येतं. मी आपली डावीकडून सुरू झाले. बाईंनी पानावर बोट फिरवलं आणि खदाखदा हसल्या. “आगं, हे काय आरशात बघून वाचायचं? आरसा घिऊन मी काय करू?” पुढं आल्यागेल्या प्रत्येकाला त्यांनी हा किस्सा ऐकवला, तोही मी केलेला चहा पीत.

त्या झोपेतच गेल्या. गोष्टीतली म्हातारी तेव्हा शेळीला घेऊन, गूळ शिजवायच्या मोठ्या काहिलीत बसून, महापुरात मधोमध होती. शेवट ठाऊक होता तो फक्त मला.

मुलींनी मला घेरलं. “ताई, म्हातारी पल्याड पोचती का वो?” “आनि शेळी?” “तुमास्नी म्हाईत हाय, सांगा की!”

सांगणं सोपं होतं, एका वाक्याचं काम. पण आरती आत्ता कुठं जोडाक्षरांना न अडखळता वाचू लागली होती. आज शेवट ऐकला असता, तर पुढच्या शनिवारी तिनं कागदाला बोट तरी कशाला लावलं असतं?

आठवडाभर खपून टोचलेलं पान मी पिशवीतून काढलं. पहिल्या ओळीवर आरतीचं बोट टेकवलं. सगळ्या जवळ सरकल्या…

“मला म्हाईत हाय,” मी म्हणाले, “पन सांगणार न्हाय. वाच.”