उंबरठ्याबाहेरचा राजपुत्र

लाखेच्या काळ्या डब्यांवर परीकथा रंगवणं हा आमच्या गावाचा धंदा, आणि त्या चित्रांत काय दडलंय ते सांगणं हा ग्लाफिरामावशीचा शौक. तिने स्वतः जन्मभर डब्या रंगवल्या. पुढे डोळे अधू झाले, तरी डबी नाकाशी धरली की रंगवणाऱ्याच्या पोटातलं तिला कळायचं. एकाचं बायकोशी बिनसलंय हे तिने नुसत्या रंगवलेल्या घोड्यावरून ओळखलं होतं. कोणाचं ते सांगत नाही, बायको अजून हयात आहे. गावातले चित्रकार तिला वचकून असत आणि नवी डबी मात्र पहिली तिलाच दाखवत.

त्यांच्यातल्याच तरुण येलिसेने तेवढी एक दाखवली नाही. ती त्याने उस्तिन्यासाठी रंगवली होती, लग्नाची मागणी म्हणून. झोपडीच्या दारात राजकन्या, बाहेर बर्फात राजपुत्र, तिच्यापुढे सफरचंद धरलेला. उस्तिन्याची आई पेलागेया ती पाहून लालबुंद झाली. उंबरठ्यावरून वस्तू दिली की ताटातूट, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. तिने साफ नकार दिला. उस्तिन्या रडून रडून सुजली आणि शेवटी मावशीला घरी घेऊन आली.

मावशीने आधी चहा घेतला, चमचाभर मुरंबा तोंडात घोळवला, मग डबी खिडकीशी नेली.

"पेलागेया, यात सोनं कुठेय गं?"

"राजपुत्राच्या अंगावर असेल. सगळे तिथेच थापतात."

"बघ तरी."

राजपुत्राच्या कोटावर सोन्याचा कण नव्हता. करड्या बर्फात तो करडाच उभा होता. सगळं सोनं आतल्या भिंतीएवढ्या चुलीवर, तिच्या उबदार माथ्यावर झोपलेल्या मांजरावर आणि शेजारी बसलेल्या जाड्या बाईच्या रुमालावर होतं.

"लांडग्याच्या दाताने घासघासून चमकवलंय त्याने," मावशी म्हणाली; आमच्याकडे सोन्याला झिलई त्याच दाताने देतात. "ऊब कुठे आहे ते पोराला पक्कं ठाऊक आहे. ताटातूट कसली? तो भ्यालाय. राजकन्येला नाही, त्या जाडीला."

"ती जाडी म्हणजे मी?"

"नाक बघ की. मी कशाला बोलू?"

उस्तिन्याने हसू दाबलं. पेलागेयाने डबी पुन्हा उजेडात धरली. "मग मेला बाहेर का उभा?"

"आत ये म्हणालीस कधी?"

पेलागेयाने खिडकीतून पाहिलं. अंगणात येलिसे टोपी हातात धरून मघापासून उभा होता, भुवयांवर बर्फ साचलेला. तिने जाऊन दार सताड उघडलं आणि उंबरठ्यापासून चांगली मागे सरली.

"बोलायचं ते आत येऊन बोल. आधी बूट झटक."

मावशीने तोवर मुरंब्याची बरणी जवळ ओढली होती.