लेकीच्या केसांत

पार्लरवाल्या ताईंच्या डोक्याला कायम रुमाल असे. गाठी काढल्याचे व्रण त्याखाली लपायचे. त्यांच्या वडिलांनाही अशाच गाठी होत्या.

"पेशीतल्या प्रथिनांवर खुणा लागतात," डॉक्टरांनी त्यांना समजावलं होतं. "एक खूण सांगते, हे मोडीत काढा. दुसरी सांगते, वाढ चालू ठेवा. काम झालं की खूण काढून टाकणारी एन्झाइम असतात. त्यातलं एक तुमच्या घराण्यात अधू आहे, म्हणून वाढ आवरत नाही. लेकीत हा दोष उतरण्याची शक्यता निम्मी."

तेव्हापासून ताईंच्या जिवाला घोर लागला. लेक वयात आली तशा त्या दर रविवारी तिला पार्लरच्या बेसिनपाशी बसवून केस धुऊन देऊ लागल्या. केस धुणं निमित्त होतं. बोटं गाठ शोधायची.

एका रविवारी कानामागे मसुराएवढं काहीतरी लागलं. ताईंची बोटं तिथेच थांबली.

"सापडली ना?" लेक डोळे मिटूनच म्हणाली. "मला आठवडाभर माहितीये. तू घाबरशील म्हणून बोलले नाही."

"आणि तू? तू नाही घाबरलीस?"

"मला तर झोपच लागत नाही, आई."

ताईंनी तिचं ओलं डोकं पोटाशी धरलं.

तपासणीत दोष निघाला. गाठ मात्र साधी होती, ती काढली. आणखी येतील, असं डॉक्टर म्हणाले. परतताना ताईंचा हात पुन्हा लेकीच्या केसांत गेला.

"यापुढे सांगून शोध," लेक म्हणाली. "गुदगुल्या होतात गं."