जाड दळणाची खबर

आमच्या आबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, मत असं की टीव्हीवरच्या बातम्या बसून ऐकायच्या नसतात, उभं राहून भांडत ऐकायच्या असतात. सगळी नोकरी वरणगावच्या फॅक्टरीत काडतुसांमध्ये गेली. त्यामुळे जगात कुठंही गोळी सुटली, तरी ती आपल्याला विचारून सुटायला हवी होती असं त्यांना मनापासून वाटतं. त्या उन्हाळ्यात आखातात पुन्हा धुमश्चक्री सुरू झाली आणि आमच्या घरात कुकरची शिट्टी ऐकू येईना.

वाद असा होता. ज्यांनी बॉम्ब टाकले ते म्हणत होते, समोरचा अणुबॉम्ब करायच्या बेतात होता, आमच्याकडे पक्की खबर आहे. त्यांच्याच हेरखात्यातली काही माणसं म्हणत होती, अहो, आम्ही असं म्हटलंच नव्हतं. विरोधक म्हणत होते, कागद दाखवा. मंत्री म्हणत होते, कागद गुप्त आहेत. आबा टीव्हीच्या तोंडासमोर बोट नाचवत म्हणत, "इराकच्या वख्तालेबी असंच सांगे हे! शस्त्रं हायेत, शस्त्रं हायेत! सारा देश उकरून काढला, निघालं काय? पुरावा कुठी हाये? दाखवा ना मले!" जसा काही तो कागद पोस्टानं आमच्याच पत्त्यावर यायचा होता.

ओट्यावर त्यांच्याशी भांडायला एक हक्काचा माणूस होता. फॅक्टरीतलेच जुने जोडीदार, रोज संध्याकाळी चहाला येत. त्यांचं प्रत्येक वाक्य "मला पक्कं कळलंय" असं सुरू व्हायचं, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना 'सूत्र' म्हणायचे. सूत्रांचं म्हणणं, खबर आली की आधी ठोकायचं, खरंखोटं मागून बघता येतं. आबा म्हणायचे, ही शुद्ध गुंडगिरी. आमची केळी बोटीत बसून त्याच आखातात जातात, त्यामुळे गावात हा विषय कुणाला परका नव्हता. माझे यजमान भुसावळला रेल्वेत आहेत. ते घरी आले की दोघांना एकेकदा मान डोलवायचे आणि जेवून झोपायचे. असं तटस्थ राष्ट्र मी दुसरं पाहिलं नाही.

आता माझं सांगते. मी धुळ्याकडची, माहेरची भाषा अहिराणी. लग्न होऊन इकडे पूर्वेला आले तर इथली बोली निराळीच. मी बोलले की बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मग मीही इकडचंच बोलायला लागले, करणार काय? पण आमच्या मळ्याला लागून आबांच्या पुतण्याचा मळा आहे आणि त्याची बायको, म्हणजे माझी चुलतजाऊ, माझ्यासारखीच धुळ्याकडची निघाली. दोन्ही मळ्यांना पाणी एकाच बोअरचं. बोअर आमच्या हद्दीत, त्यामुळे पाइपावरचा वॉल आमच्या बांधावर. एक दिवस पाणी आमच्या केळीला, एक दिवस त्यांच्या. तिची पाळी असली की ती वॉल फिरवायला यायची आणि आम्ही दोघी तिथं लिंबाखाली बसून अहिराणीत पोटभर बोलायचो. तिच्या बहिणीचं, माझ्या भावजयीचं, आमच्या दोघींच्या नवऱ्यांचं, काही म्हणून शिल्लक ठेवायचो नाही. सगळ्या गावात माझ्या भाषेत मला "काय वं बहीन" म्हणणारी ती एकटी. तिचं माझ्यावाचून अडत असेल-नसेल, माझं तिच्यावाचून अडायचं, हे मी सरळ सांगते.

तर एका संध्याकाळी सूत्र आले ते चपला काढायच्या आधीच बोलायला लागले. मला पक्कं कळलंय, तुमच्या पुतण्यानं मळ्यात बट्टी केली.

इथं समजून घ्यायला हवं. पुतण्याकडे दरवर्षी शेतातल्या म्हसोबाला नवस असतो. त्या दिवशी बट्टी, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, वरण आणि वांग्याची भाजी, आणि सगळ्या भाऊबंदांना चूलबंद आवतण. चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटायची नाही, लहानमोठे सगळे तिकडेच जेवायचे. अशा जेवणातून एखादं घर गाळलं म्हणजे त्या घराला भाऊबंदकीतून गाळलं. आणि आमच्याकडे त्या वर्षी आवतण आलेलं नव्हतं.

"कशावरून?" आबांनी विचारलं. मी आतून ऐकत होते. म्हटलं वा, विचारलं तरी.

सूत्रांनी एकेक पुरावा मांडला. एक, पुतण्याच्या ट्रॅक्टरवर मोठं पातेलं मळ्याकडे जाताना दिसलं. दोन, मळ्यातून गोवऱ्यांचा धूर, तोही दोन दिवस. तीन, किराणा दुकानातून गुळाची अख्खी भेली गेली. आणि चार, इथं सूत्रांनी आवाज खाली आणला, चक्कीवर त्यांच्या घरचे गहू जाड दळले गेले.

जाड दळण ऐकलं आणि आबा खुर्चीतून उठलेच. आमच्याकडे पोळीचं पीठ बारीक असतं आणि बट्टीचं जाड, हे लहान पोरालाही ठाऊक. कुणी गहू जाड दळून नेले की चक्कीवर रांगेतली माणसं विचारतात, काय, कुणाकडे बट्टी? आबांना दुसरा कागद नकोच होता.

"मले गाळलं त्यानं," आबा म्हणाले. आवाज असा झाला होता की क्षणभर मलाही वाईट वाटलं. पुतण्याला त्यांनी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवल्या होत्या. पण ते वाईट वाटणं कुणाला दिसू नये म्हणून की काय, ते तसेच उठून मळ्यात गेले आणि पुतण्याच्या पाण्याचा वॉल बंद करून आले. नुसता बंद नाही केला, वरचं चाकच काढून आणलं आणि कपाटात कुलपात ठेवलं.

व माय! आमचा उन्हाळा काय तो उन्हाळा! दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. अशा उन्हात केळीचं पाणी तोडायचं म्हणजे दोनचार दिवसांत पानं मलूल आणि आठवड्यात बाग आडवी. पुतण्याचं वर्षाचं सगळं त्या बागेवर. मी म्हटलं, "आबा, आधी त्यांना विचारा तरी."

"विचारायचं काय? सगळं समोर हाये."

"धूर समोर आहे. बट्टी कुणी पाहिली?"

"पातेलं काय आंघोळीले नेलं त्यानं?"

"काल टीव्हीला तुम्हीच म्हणत होता ना, पुरावा दाखवा म्हणून?"

"ते येगळं. तो देश हाये. हे घर हाये."

मी तटस्थ राष्ट्राला फोन केला. राष्ट्र म्हणालं, दोन्ही बाजूंनी संयम ठेवावा, आणि गाडी आली म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाळी तिची होती. मी लिंबाखाली जाऊन बसले. ती आली नाही. त्याच्या पुढच्या पाळीलाही नाही. बांधापलीकडे तिच्या केळीची पानं मधल्या दांड्यावर मिटायला लागली होती, आमची मात्र टवटवीत, पाण्यानं तट्ट. मला आमच्याच बागेचा राग आला. शेवटी म्हटलं, खड्ड्यात गेली भाऊबंदकी, आणि चौकशी करायला निघाले.

आधी चक्कीवर गेले. चक्कीवाल्याला विचारलं, "दळण जाड होतं म्हणता, पण किती जाड? रव्याएवढं?" तो म्हणाला, "छे हो वहिनी, पार भरडा. मी म्हटलं, बहुतेक बट्टी असेल, पण फारच जाड वाटतंय." हा 'बहुतेक' आणि हा 'फारच जाड' चक्कीपासून आमच्या ओट्यापर्यंत येताना रस्त्यात कुठं सांडले देव जाणे. ओट्यावर पोचली ती नुसती बट्टी.

तिथून थेट त्यांच्या मळ्यात. गोठ्यात म्हैस पाय पसरून पडलेली, डोळे अर्धे मिटलेले, आणि जाऊ तिच्या तोंडाशी घमेलं धरून बसलेली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. शेजारी ते मोठं पातेलं. धूर येत होता तो माशा हाकलायला पेटवलेल्या गोवऱ्यांचा.

मी विचारलं, "बट्टी कराई ना तुम्हनाकडे?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "करी ना. गुळ टाकीसन भरडा शिजाडा. म्हैसनी खादी बट्टी."

मला हसू फुटलं आणि ते अर्ध्यात अडकलं, कारण ती पुढं म्हणाली, "रेडकू मरी गय." म्हैस अडली होती. रेडकू मेलेलंच आलं, म्हैस बसली ती उठेना. म्हणून भरडा, गूळ, शेक, धूर, सगळं. एरवी म्हैस व्याली की चिकाचं भांडं पहिलं आमच्या घरी यायचं. या वेळी चीक वाटायला कुणाचा हात झाला असता? आणि नवस पुढच्या महिन्यावर ढकलला होता. आबांना सांगायला ते दोघं निघालेच होते, तर वाटेत बांधावर बघतात तो वॉलचं चाक गायब. तिथूनच मागं फिरले.

मी तणतणत घरी आले. आबा आणि सूत्र ओट्यावरच होते. मी पदर खोचला आणि म्हटलं, "अहवाल ऐका." आणि सगळं सांगितलं, भरड्यापासून रेडकापर्यंत.

सूत्र आधी चहाच्या कपात बघायला लागले. मग म्हणाले, "मी कुठं म्हटलं बट्टी झाली? मी तर ऐकलेलं पुढं सांगितलं." आणि चपला शोधायला लागले.

आबा मात्र डगमगले नाहीत. म्हणाले, "बट्टी नसंल झाली. पन करायचा इचार असंल."

"विचार होता पुढच्या महिन्यात. तुम्हाला बोलवायचा."

"मग म्हैस व्याली हे सांगितलं काऊन नाही? तोबी अपमानच झाला."

"सांगायलाच निघाले होते. तुम्ही चाक काढून नेलंत."

"तसाबी तो दोन वर्षांपासून उर्मटच झालेला हाये. आज ना उद्या पानी तोडनंच पडलं असतं."

झालं! माझं टाळकंच सटकलं. मी म्हटलं, "आबा, टीव्हीवरच्या त्या मंत्र्याला रोज शिव्या कशाला घालता हो? तो तरी काय वेगळं करतो? आधी म्हणतो शस्त्रं आहेत. नाही निघाली तर म्हणतो, करायचा विचार होता. तोही नव्हता तर म्हणतो, माणूसच वाईट होता. तुम्हालाच का नाही पाठवत तिकडं बोलायला? दाढी करा, कोट घाला, म्हणजे झालं!"

मी सासऱ्यांशी असं कधी बोलले नव्हते. सून म्हणून घरात आल्यापासून त्यांच्यापुढं मान वर करायची वेळच आली नव्हती. आता हे मला माहेरी धाडतात की काय असं वाटलं. आबा खुर्चीतून उठले. मग कपाटाशी गेले, चाक काढलं, आणि टोपी न घालताच मळ्याकडे निघाले. मी मागोमाग.

त्यांनी चाक बसवलं, वॉल उघडला. पाइप थरथरला, गुरगुरला, आणि गप्प झाला. पाणी पुढं जाईना. आबांनी आणखी फिरवला. जोडावरून बारीक फवारा उडाला, त्यांच्या सदऱ्यावर. पलीकडे पाहिलं तर पुतण्या उभा होता. त्यानं आमच्याकडून येणारी लाइन त्याच्या हद्दीत कापून तिला बूच मारलं होतं. पलीकडच्या शेजाऱ्यानं पाणी द्यायचं कबूल केलं होतं आणि नवा पाइप टाकूनही झाला होता. केळीच्या ओळींमधून काळी ठिबकची नळी ओली चमकत होती.

"वॉल उघडला रे," आबा म्हणाले.

"नको आबा. सोय झाली," पुतण्या म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, आबांना भांडता तरी आलं असतं.

आबा ओल्या सदऱ्यानं उभे राहिले. ज्या माणसाला प्रत्येक गोष्टीचं कारण सापडायचं त्याला त्या वेळी एक सापडेना. शेवटी म्हणाले, "म्हैस कशी हाये?"

"उठली मघाशी."

"बरं झालं."

"आबा," पुतण्या म्हणाला, "हेच पहिल्या दिवशी विचारायचं होतं. बांध केवढा आहे? हाक मारली असती तरी ऐकू आलं असतं."

आबांनी वॉल हळूहळू बंद केला आणि घराकडे वळले. त्यांच्या मागं जाण्याऐवजी मी तिथंच थांबले, कारण गोठ्याच्या दारात ती उभी होती. मी हात वर केला. तिनंही केला. मी ओरडून विचारलं, "परवदिन येशी ना वं? लिंबनाखाले?"

ती थोडी हसली. तशी ती मला बघून नेहमीच हसायची.

"कसाले येऊ वं बहीन?" ती म्हणाली. "पानी ते आते तिकडथीन येस."