सुधाकाकूंची तेलाची वाटी

सुधाकाकू भेटल्या की आधी केसांत बोटं खुपसायच्या. "किती कोरडे पडलेत गं. बस खाली." नमस्कार-चमत्कार नंतर. फ्रिस्कोच्या वृद्धाश्रमात राहायला गेल्यावरही ही खोड गेली नाही. दुपारच्या चहानंतर खोबरेल तेलाची वाटी घेऊन त्या शेजारच्या खोल्यांतून फिरत आणि तिथल्या गोऱ्या आज्या शहाण्या मुलींसारख्या माना खाली घालून बसत. या देशात डोक्याला हात लावणारं कुणी नाही, हे काकूंचं जुनं दुखणं होतं.

पस्तीस वर्षं त्या शेजारच्या प्लेनो गावात लहान मुलांच्या डॉक्टर होत्या. आता विसरायला व्हायचं. वारलेल्या काकांसाठी चहाचा दुसरा कप मागायच्या. बोटं मात्र काही विसरली नव्हती.

एका शनिवारी मी गेले, तर वाटी भरलेली तशीच. "तिघींच्या डोक्याला टेंगळं आहेत," त्या म्हणाल्या. "उजव्या कानामागे, केसांत. विचारलं तर नुसत्या हसतात." मी म्हटलं, पडल्या असतील. नापास मुलाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पडणारं माणूस कपाळावर पडतं, गुडघ्यावर पडतं. जन्मभर मुलं तपासली मी. कानामागे कोण पडतं गं?"

तक्रार मी केली. सरकारी तपासनीस बाई यायला तीन आठवडे लागले, तोवर टेंगळं बसली होती. काकूंनी खोली कुठली, सूज केवढी, सगळं इंग्रजीत नीट सांगितलं. मग बाईंनी साल विचारलं. काकूंनी वीस वर्षांपूर्वीचं सांगितलं. बाई माझ्याकडे वळल्या: यांना नसलेली माणसं दिसतात का? मी पडले खरं बोलणारी. "कधीकधी काका दिसतात," म्हटलं. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं. पुरावा नाही म्हणून चौकशी संपली.

काकू रागावल्या नाहीत. "काका दिसतात ते डोळ्यांना," एवढंच म्हणाल्या. "टेंगळं बोटांना लागली होती." पुढच्या आठवड्यात फरशी निसरडी होते म्हणून संस्थेनं वाटी काढून घेतली. त्यानंतर काकू हात मांडीवर ठेवून बसून असत. मला ते बघवत नसे, म्हणून मी जाणं कमी केलं. याची लाज मला अजून वाटते.

फेब्रुवारीत त्या गेल्या. बाथरूममध्ये पडल्या, असं संस्थेनं कळवलं. फ्युनरल होममध्ये त्यांच्या मुलानं, नीरजनं, मला केस विंचरायला सांगितलं. मी घरून तेल नेलं होतं. काकूंच्या कपाळावर ओरखडासुद्धा नव्हता. उजव्या कानामागे माझी बोटं थांबली.

"नीरज, इथे हात लावून बघ."

तो जागचा हलला नाही. "प्लीज यार, आता तूसुद्धा? एटी-फोर होती ती. लेट इट गो."

दोन वाजता दहन होतं. मी तेल जिरवलं आणि वेणी घातली. मला साल अगदी बरोबर सांगता येतं. पण मला कुणी विचारलंच नाही.